पोत बघणारे तात्या

शेळगावच्या दामूतात्यांना बरोबर घेऊन भांड्यांच्या दुकानात जाऊ नये. मी एकदा गेले आहे. बहिणीच्या नव्या घरासाठी बारामतीत पाण्याचा हंडा घ्यायचा होता आणि तात्या काही कामानिमित्त गावात आले होते, एवढंच. दुकानदाराने सात हंडे काढून ओळीने मांडले. तात्यांनी डोळे मिटले, प्रत्येक हंड्याच्या पोटावर बोटाचं पेर वाजवलं आणि सातही नापास केले. दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला की अहो, पाणीच भरायचं आहे ना. तर तात्या म्हणाले, "भरा की. पर रोज सकाळी ह्यात पानी पडताना जो आवाज हुईल, त्यो ह्या पोरीला जन्मभर ऐकायचाय." बहिणीने शेवटी प्लॅस्टिकची टाकी घेतली. त्या दुकानदाराने त्यानंतर मला रस्त्यात ओळख दाखवणं सोडून दिलं.

तात्यांचं काम पेट्या दुरुस्त करण्याचं. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत जेवढी भजनी मंडळं आहेत, त्यांच्या पेट्यांचं दुखणंखुपणं तात्यांच्या पडवीत निघतं. भाता फाटला, सूर उतरला की पेटी मोटारसायकलवर बांधून शेळगावला आणायची. आतल्या पितळी पट्ट्या कानशीने जराशा घासायच्या, ऐकायचं, पुन्हा घासायच्या, पुन्हा ऐकायचं. हे ते पन्नास वर्षं करत आले आहेत. अंगाने काटकुळे, चष्म्याला दोरी, आणि टोपी भुवयांपर्यंत पुढे ओढलेली. डोळ्यांत उजेड गेला की कान आळशी होतो, असं त्यांचं शास्त्र आहे.

घरात मिक्सर आहे, पण तो लावण्याआधी हौसाकाकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वर्दी द्यावी लागते. मग तात्या उठून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहतात आणि चटणी झाल्यावर परत येतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला सणसरला गेले होते, तिथे बाकीची मंडळी मुलीला प्रश्न विचारत असताना भिंतीवरच्या घड्याळाने टोल दिले. तात्यांनी विचारलं, हे घड्याळ घरात किती वर्षं आहे. पंधरा, असं उत्तर आलं. बाहेर आल्यावर तात्यांनी निकाल दिला, की ज्या माणसांनी हा आवाज पंधरा वर्षं सहन केला ती स्वभावाने गरीब असली पाहिजेत, सोयरीक करून टाका. लग्न झालं आणि संसारही छान चालला आहे, त्यामुळे आता कोणी त्यांना नाव ठेवू शकत नाही.

माणसांच्या आवाजांचीही त्यांच्याकडे वर्गवारी आहे. माझा आवाज पहिल्याच भेटीत "गॅसवरचा" ठरला. म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाले, शिजलाय, पण धूर लागलेला नाही. मला राग आला. मला राग लवकर येतो. पुढे कळलं, की स्वतःच्या सख्ख्या भावाच्या आवाजाला त्यांनी "शिळा" म्हटलं आहे, तेव्हा मी स्वस्तात सुटले असंच म्हणायचं.

त्यांचं ठेवणीतलं वाक्य एकच. "सूर बरोबर हाय, पर पोत न्हाय." आमच्या भागात पोत म्हटलं की जमीन आठवते. खत जास्त झालं, पाणी जास्त झालं की उसाच्या रानाचा पोत बिघडतो. तात्या तोच शब्द आवाजाला लावतात. एकच सा पेटीवर वाजवा, बासरीवर वाजवा, तुम्ही म्हणा, मी म्हणते. सा तोच, पण कोणाचा कोणता हे डोळे मिटूनही कळतं. ज्यामुळे कळतं तो पोत.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ते माझ्या सहा वर्षांच्या कामाला उद्देशून होतं.

मी बारामतीत इंजिनिअरिंगच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते आणि तेव्हा पीएच.डी. करत होते. करत होते म्हणजे ओढत होते. माझं काम असं, की कॉम्प्युटरला पेटीचे हजारो आवाज ऐकवायचे, त्याने त्यातून आपलं आपण शिकायचं आणि मग पेटीशिवाय पेटीचा आवाज काढून दाखवायचा. त्याला सूर चुकत नाही. अवघड असतो तो पोत, म्हणजे सूर न हलवता आवाज हवा तसा मऊ, खरखरीत, भरीव किंवा पातळ करणं. कॉलेजच्या गॅदरिंगची पेटी दुरुस्त करून तात्या परत द्यायला आले होते आणि शिपायाने त्यांना माझ्या लॅबमध्ये पाठवलं. मी त्या वेळी विभागप्रमुखांना माझं मॉडेल, म्हणजे असा शिकलेला प्रोग्राम, ऐकवत होते. ते मान डोलवत होते. दारातून ते वाक्य आलं. विभागप्रमुख हसले, मी नाही हसले. दोन दिवस मी घरात भांडी आपटली आणि तिसऱ्या दिवशी शेळगावची एस.टी. पकडली. खरं बोललेलं मला सोसत नाही, पण कळतं.

तात्यांना मी शिकवणी मागितली नाही, गुण मागितले. हजारभर छोटे छोटे आवाज मी आणले होते, प्रत्येक दोन-तीन सेकंदांचा. प्रत्येक आवाज किती चमकदार, किती उबदार, याला त्यांनी दहापैकी गुण द्यायचे आणि ते गुण बघून मॉडेल पोत ओळखायला शिकणार. चमकदार आणि उबदार हे शब्द मी इंग्रजी पुस्तकांतून उचलले होते. पहिला आवाज लावून विचारलं, तात्या, हा किती चमकदार आहे? त्यांनी टोपी मागे सारून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आवाज काय टूबलाईट हाय व्हय?"

तेव्हा शब्द त्यांचे घ्यायचे असं ठरलं. शेवटी तीन निवडले. ओला की सुका. कच्चा की गाभुळलेला, चिंच गाभुळते तसा. आणि तिसरा, करपट. दूध तळाला लागल्यावर वास येतो ना, तसं काही आवाजांच्या अगदी वरच्या अंगाला बारीक चरचर लागलेली असते. ती नको असते. पेटी बनवणारा कच्चा असला की ती राहते आणि तात्यांसारखा माणूस कानशीने ती काढतो. दोन तालुक्यांत त्यांचं नाव आहे ते याच करपटपणाच्या वैद्यकीसाठी. माझ्या पडद्यावर या तिन्हींच्या तीन पट्ट्या झाल्या, बोटाने सरकवायच्या. जगात कुठल्याच प्रबंधात असले शब्द नसतील. मार्गदर्शक सरांनी विचारलं तेव्हा मी ताठ मानेने सांगितलं, की हे शेळगावचे प्रमाण शब्द आहेत.

मग दर रविवारी मी शेळगावला जाऊ लागले. तात्या बाजेवर बसायचे, मी समोर पाटावर लॅपटॉप आणि स्पीकर मांडायची. हेडफोन त्यांनी पहिल्याच दिवशी परत केले. कानात बुचं घालून कोण ऐकतं, म्हणाले. गुण द्यायला भयंकर कडक. दहा कधीच नाहीत. दहा देवाला, नऊ गुरूला, आठपासून खाली बोला. त्याच बाजेवर, त्यांच्याकडे पाठ करून, काकी सुपात तांदूळ निवडत बसायच्या. गाण्यातलं मला काय कळत न्हाय बाई, हे त्या मला दर रविवारी न चुकता सांगायच्या. मधूनच बाजेच्या लाकडावर बोटाने टक करायच्या. मला वाटायचं, खडा सापडला की त्या टक करतात. केवढे खडे निघतात या तांदळात, असंही मला वाटायचं.

मी खादाड आहे, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण त्याचा पुढे उपयोग झाला. प्रत्येक रविवारी मी वहीत तारीख लिहायची, किती आवाज झाले ते लिहायची आणि काकींनी चहाबरोबर काय दिलं तेही लिहायची. शेंगदाण्याचे लाडू, कापण्या, एकदा गरम धपाटे. माझ्या संशोधनाची वही कोणी उघडली असती तर त्याला वाटलं असतं, ही बाई खानावळ काढणार आहे.

सगळे आवाज संपले. मॉडेल शिकून तयार झालं. ओल्या-सुक्याची पट्टी लोण्यासारखी चालली. गाभुळलेल्याची तर अशी चालली की मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. पण करपटची पट्टी शून्यावर नेली, म्हणजे आवाज अगदी स्वच्छ व्हायला हवा, तेव्हाही वरच्या अंगाला एक शिटी उरायची. डासासारखी. कॉलेजातली मुलं कानावर हात ठेवायची आणि लॅबच्या दारातलं कुत्रं उठून जायचं. मी सगळा प्रोग्राम उलटापालटा केला. चूक सापडेना. मार्गदर्शकांनी निरोप पाठवला, की दसऱ्याच्या आत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द होईल, आता मुदतवाढ नाही. सहा वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती आणि मी घरात सगळ्यांच्या अंगावर धावून जात होते.

प्रोग्राममध्ये चूक नाही म्हटल्यावर उरले गुण. मी ते दिवसांप्रमाणे लावले. चार रविवार असे निघाले, की त्या दिवशी करपटपणाला सरसकट एक किंवा दोन गुण होते, आवाज कितीही करपट असला तरी; म्हणून मॉडेलला ती शिटी स्वच्छच वाटत होती. बाकीच्या दोन शब्दांचे गुण मात्र त्या दिवशीही चोख. त्या चार दिवसांत काय वेगळं होतं, म्हणून मी वही काढली. चारही रविवारी माझ्याच अक्षरात होतं, "चहा पाणचट. तात्यांनी केला. बरोबर काही नाही." तो महिना काकी निरवांगीला, माहेरी होत्या. भाच्याचं लग्न होतं आणि लग्नानंतर तिथेच त्यांची कंबर धरली होती.

आधी मला वाटलं, बायको घरात नाही म्हणून तात्यांचं लक्ष लागलं नसेल. खात्री करायला मी शेळगावला गेले. ती शिटी तेवढी वेगळी काढून बरोबर घेतली होती. तात्या बाजेवर बसले होते, काकी आत भाकरी थापत होत्या. मी शिटी लावली. मला ती दातांत जाणवत होती. तात्यांचा चेहरा अगदी शांत. थोडा वेळ गेला आणि ते म्हणाले, "लाव की. कशाची वाट बघतीस?"

मी काही बोलणार तेवढ्यात काकी आतून जवळजवळ पळत आल्या, पिठाच्या हातांनीच. बाजेवर पाठमोऱ्या बसल्या आणि लाकडावर बोटाने टक केलं. तात्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "करपट हाय. आठ."

काकींच्या हातात तांदूळ नव्हते.

मी लॅपटॉप बंद केला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. काकी माझ्या मागोमाग आल्या. त्यांनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं. तीन वर्षांमागे एक पेटी परत आली होती, वरचे सूर किरकिरतात म्हणून. तेव्हा त्यांना कळलं, की ह्यांना वरचं बारीक ऐकू येईनासं झालं आहे. मग त्या जवळ बसून करपट आवाजाला टक करायला लागल्या. आधी त्यांनाही काही समजत नव्हतं, पण कान देऊन देऊन समजू लागलं. "ह्यांना कळू देऊ नको बाई," त्या म्हणाल्या. "बाज जरा हालली की त्यांना वाटतंय, त्यांनाच ऐकू आलं. सगळं आयुष्य कानावर काढलंय त्या मानसानं."

मी कबूल केलं. एस.टी.च्या थांब्यापर्यंत तात्या मला सोडायला आले. रस्त्यावर उसाच्या कडेने चालताना त्यांनी एकदा मागे घराकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "तुला कळलं न्हवं?" मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांना माझी खोटं बोलण्याची तयारी दिसली असावी, कारण ते हसले.

"तिला बोलू नको," ते म्हणाले. "तिला वाटतंय मला पत्ता न्हाय. मला कळू नये म्हनून निवडल्यालंच तांदूळ परत निवडत बसती."

मी विचारलं, मग तुम्ही तिला सांगत का नाही? कानाचं यंत्र मिळतं, बारामतीत तपासणी होते, मी घेऊन जाईन.

"सांगितलं तर ती म्हनंल, यंत्र घ्या. आन् यंत्र घेतलं की ती उठून जाईल आत, कामाला." तात्यांनी टोपी पुढे ओढली. "पन्नास वर्सांत ती माझ्याजवळ अशी कवा बसलीच न्हवती गं. मी पेट्यांत, ती रानात न्हायतर चुलीपाशी. आता रोज दोन-तीन तास बसती."

एस.टी. आली. मी बसले आणि सणसर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. मी एक चूक शोधायला गेले होते आणि दोन माणसांनी एकमेकांपासून लपवलेली एकच गोष्ट पदरात घेऊन परत निघाले होते.

पण मला ते चार रविवार पुन्हा हवे होते आणि दोघांनाही त्याचं कारण सांगता येत नव्हतं. तेव्हा मी कॉम्प्युटरवर आळ घेतला. पुढच्या रविवारी पडेल चेहऱ्याने सांगितलं, की यंत्र बिघडलं आणि नेमके चार दिवसांचे गुण पुसले गेले. तात्यांनी यंत्राला, कॉलेजला आणि एकूणच नव्या जमान्याला नावं ठेवली. काकी म्हणाल्या, मग काय झालं, बसू की परत, मी तांदूळ घेते. त्या आठवड्यात मी रजा काढून रोज गेले. तात्या डोळे मिटून गुण सांगत होते, काकी टक करत होत्या आणि मी खाली मान घालून लिहून घेत होते. तिघांपैकी एकाचाही चेहरा हलला नाही. गावच्या नाटकात आम्हाला घ्यायला हरकत नव्हती.

नवे गुण देऊन मॉडेल पुन्हा शिकवलं. करपटची पट्टी शून्यावर नेली आणि शिटी गेली. कुत्रं दारातच झोपून राहिलं. शेळगावला नेऊन दोघांना ऐकवलं. तात्यांनी खूप वेळ ऐकलं, काकींनी एकदाही बोट उचललं नाही. शेवटी तात्या म्हणाले, "सूर बरोबर हाय." मी पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं नाही. दसऱ्याच्या चार दिवस आधी मी प्रबंध दिला आणि यथावकाश माझ्या नावामागे डॉक्टर लागलं.

माझ्यावर अनेकांचे उपकार आहेत, पण इतकी साधी आणि इतकी पुरी शिकवण मला कोणाकडून मिळाली नाही. सहा वर्षं मी पोत हा विषय म्हणून धरला होता. या दोघांच्या बाजेसमोर बसून तो मला कळला. हे मी प्रबंधाच्या ऋणनिर्देशात लिहिलं आणि बांधून आलेली एक प्रत घेऊन शेळगावला गेले. तात्यांनी ती हातात घेतली, कव्हरवर पेर वाजवून पाहिलं आणि आमचं काय लिहिलंयस ते वाच म्हणाले. काकीही येऊन बसल्या. पान इंग्रजीत होतं, मी वाचता वाचता मराठी करून सांगू लागले. आणि मधल्या एका वाक्यापाशी मी अडखळले. लिहिताना मी कृतज्ञतेच्या भरात होते, आता ते मोठ्याने वाचायचं होतं. पण सुरुवात झाली होती. मी वाचलं, "या प्रबंधातला प्रत्येक गुण दामूतात्या आणि हौसाबाई या दोघांनी मिळून दिलेला आहे."

 मग तात्या टोपी सारखी करत म्हणाले, चहा करायची म्हणून घातलं असेल नाव. काकी म्हणाल्या, "मग. चहा काय कमी झाला व्हय?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मी घाईने पान उलटलं, मार्गदर्शकांचं, कॉलेजचं, आईवडिलांचं जे होतं ते भराभर सांगून टाकलं आणि पुस्तक मिटलं.

तात्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, बरोबर ते पान उघडलं आणि पुन्हा माझ्यासमोर धरलं.

"त्ये दोघांनी मिळून म्हनलीस, तेवढं परत वाच," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं वाच. मला अलीकडं कमी ऐकू येतंय."

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले नव्हते. काकी आत जायला उठल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला आणि बाजेवर होत्या तिथून तात्यांकडे थोडं सरकून बसल्या, आणि मी वाचलं.